कडेला उभी

१

"आमची बाई मेलेल्यांची तोंडं धुते," असं हेल्वीचा नवरा रॉय चारचौघांत सांगायचा आणि सगळे हसायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या तळघरात, कुणाच्या बुटांच्या खोक्यात जुन्या घरगुती फिल्मची रिळं पडलेली असत. करंगळीच्या नखाएवढी रुंद फिल्म. त्यावर कुणाच्या तरी बापानं हौसेनं टिपलेलं सगळं: ख्रिसमसचं झाड, सरोवरात डुंबणारी पोरं, दारातली नवी गाडी, बर्फात तोंडावर पडलेला मामा. माणसं ती रिळं हेल्वीकडं आणून द्यायची. हेल्वी ती मऊ फडक्यानं पुसायची, यंत्रातून सावकाश ओढायची. यंत्र एकेका चौकटीचा मोठा फोटो घ्यायचं. मग कॉम्प्युटरवर बसून ती धूळ काढायची, चरे बुजवायची, उडालेला रंग परत आणायची आणि थरथरणारं चित्र जागच्या जागी धरून ठेवायची.

हे सगळं चालायचं परसातल्या जुन्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, जिथं पूर्वी घरची माणसं घाम काढायला आत जाण्याआधी कपडे उतरवायची. चहूकडून लाकूड, ना गालिचा ना मांजर, म्हणून धूळ कमी. आतल्या खोलीतली भट्टी कित्येक वर्षांत पेटली नव्हती. तिथल्या बाकांवर आता रिकाम्या रिळांचे डबे बसलेले असत.

कामाचा तिचा एक नियम होता. कुणी विचारलं की ती ठसक्यात सांगायची, "एका चौकटीत दिसलं आणि गेलं, ती धूळ. सगळ्या रिळात एकाच जागी चिकटून बसलं, तो कॅमेऱ्याच्या खिडकीत अडकलेला धागा. जे हलतंडुलतं, ते माणूस." धूळ काढायची, धागा काढायचा, माणूस ठेवायचा. या नियमानं तिला कधी दगा दिला नव्हता.

२

सरोवराला उधाण आलं होतं, रस्त्यावर पहिला बर्फ बसला होता, आणि समोरच्या घरातली म्हातारी लेंपी बिस्किटांचा डबा पोटाशी धरून एकटीच आली.

"अहो मावशी, रस्ता कशाला ओलांडलात? हाक मारायची ना, मी आले असते."

"हाक ऐकून तुझा रॉय आला असता, आणि त्यानं कॉफी पाजली असती. त्याची कॉफी म्हणजे धुण्याचं पाणी." लेंपीनं डबा टेबलावर चाचपून ठेवला. त्यात रिळं होती. "डोळे चाललेत माझे, पोरी. मधोमध काळा डाग बसलाय. तुझ्याकडं सरळ बघितलं तर तुला तोंडच नाही. मान वळवली की मग कडेनं दिसतेस. डॉक्टर म्हणतो, कडही फार दिवस राहायची नाही."

हेल्वीनं तिला खुर्ची दिली, वेलदोड्याच्या पावाची चकती पुढं केली. लेंपीनं ती हातातच धरून ठेवली.

"मला एक बहीण होती, ठाऊक आहे का तुला? सायमा. माझ्यामागची. जन्मतःच अर्ध्या तोंडावर जांभळा डाग. कपाळापासून हनुवटीपर्यंत, वाइन सांडल्यासारखा. बाबा वाईट नव्हते गं. खाणीतून आले की तिलाच आधी उचलून घ्यायचे. पण लोकांत लाज वाटायची त्यांना. कॅमेरा काढला की म्हणायचे, 'सायमा, तू माझ्या मागं उभी राहा.' ती राहायची. त्यांच्या कोटाचं टोक धरून. मधूनच ओढायची. म्हणजे काय, तर माझी पाळी कधी? बाबा म्हणायचे, पुढच्या वेळी. पुढची वेळ यायच्या आधीच न्यूमोनियानं गेली. घरात एक फोटो नाही तिचा. मला तोंडसुद्धा आठवत नाही आता. नुसता डाग आठवतो. बहिणीचं असं आठवावं का कुणी?"

हेल्वीनं डब्याचं झाकण उघडून रिळं बघितली.

"चुकून कुठंतरी आली असेल. बाबांचा हात हलला असेल, एखाद्या कोपऱ्यात सापडली असेल. तू एवढं बारीक बघतेस. दिसतंय तोवर एकदा तोंड बघायचंय मला तिचं."

"असेल तर शोधून काढीन, मावशी," हेल्वी म्हणाली. शब्द दिला तिनं.

३

या फिल्मच्या एका कडेला भोकांची रांग असते. त्या भोकांना धरून फिल्म पुढं सरकते. दोन भोकांच्या मधल्या जागेवरही थोडा उजेड पडतो, थोडं चित्र उमटतं. पण घरी पडद्यावर दाखवताना ती पट्टी प्रोजेक्टरच्या पत्र्याआड जायची, म्हणून ती कुणी कधी पाहिलेलीच नसते. हेल्वीचं यंत्र मात्र पूर्ण रुंदी बघायचं. एरवी ती पट्टी ती न बघताच कातरून टाकायची, भेंडीचे देठ उडवावेत तशी. या वेळी तिनं कातरली नाही. कोपऱ्यात सापडायची तर तिथंच सापडेल.

पहिल्या रिळात पट्टीवर एक तपकिरी लव दिसली. रीळभर एकाच जागी. धागा, हेल्वी म्हणाली आणि पुढं गेली.

दुसऱ्या रिळातही तीच लव, त्याच जागी. असते. बापमाणसं कॅमेरा कुठं पुसतात? धागा वर्षानुवर्षं अडकून राहतो.

तिसऱ्या रिळात धागा जाड झाला होता. तळ्यावरची सहल, लेंपी पोहण्याच्या कपड्यांत उड्या मारतेय, आई सॅल्मनचं सूप ढवळतेय, आणि कडेला विणलेली तपकिरी बाही. बाहीतून निघालेली बोटांची चार टोकं. चित्र मधूनमधून एका बाजूला हिसके खात होतं.

हेल्वीला आधी आनंदच झाला. सापडली! मग तिच्या डोक्यात दुसरा विचार आला. बापाच्या मागं उभी राहिलेली पोर बापाच्या कॅमेऱ्यात कशी येईल? आपल्या पाठीमागचं कधी कुणाला दिसलंय का? बरं, बाजूला आली असेल, झुकली असेल. पण जागा बदलली, ऋतू बदलला, कॅमेरा डोंगराकडून घराकडं फिरला, तरी बाही त्या कडेची जराही सुटत नव्हती.

आतल्या खोलीत बाक कुरकुरलं. थंडीनं लाकूड आखडतं, त्याचा आवाज होतो. हेल्वीला हे लहानपणापासून माहीत होतं.

चौथ्या रिळात लेंपीचं लग्न होतं. चर्चच्या अंगणात पाहुणे, हिरवी गाडी, नवऱ्याच्या भावानं मागून आणलेला दुसराच कॅमेरा. लेंपीनं डब्यावर हात ठेवून सांगितलं होतं तिला, हे एकच रीळ दिरानं काढलंय, बाबांचे हात तेव्हा कापायचे. सायमाला मातीत जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

कडेला तपकिरी बाही होती.

हेल्वीनं डोकं शांत ठेवलं. त्या काळी फिल्म कॅमेऱ्यात दोनदा चालवायचे, आधी एक अर्धी बाजू, मग उलटून दुसरी, आणि धुतल्यावर मधोमध उभी चिरायचे. एका अर्ध्याची सावली दुसऱ्यावर सांडू शकते. पण सांडलेलं चित्र डोक्यावर उलटं उभं असतं. ही बाही सरळ होती.

तिनं यंत्र बंद केलं आणि घरात गेली. रॉय पेस्टी, खाणवाल्यांची ती खिमा-बटाट्याची करंजी, खात बसला होता, केचपची बाटली उलटी धरून.

"काय झालं? मेलेल्यांनी तोंड धुऊन घ्यायला नकार दिला काय?"

"गप खा," हेल्वी म्हणाली.

४

शब्द दिला नसता तर तिनं तिथंच सोडलं असतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, बाहेर अजून उजेड असताना, ती पुन्हा बसली.

अंधूक चित्रातून एखादी वस्तू स्पष्ट काढायची एक रीत आहे. पुष्कळ चौकटी एकावर एक ठेवायच्या, काचा रचाव्यात तशा, आणि आरपार बघायचं. प्रत्येक चौकटीतले फिल्मचे रवे वेगळे असतात, ते एकमेकांना खाऊन टाकतात. जे हलतं त्याचा धूर होतो. जे स्थिर उभं असतं ते उजळत जातं.

लग्नाच्या रिळातल्या चौकटी तिनं एकावर एक घातल्या. नवरी लेंपी धूर झाली. पाद्री धूर झाला. हसणारे पाहुणे, उडवलेले तांदूळ, चर्चचं दारसुद्धा कॅमेऱ्याच्या हालचालीनं विरघळून गेलं. राखाडी धुक्यात फक्त एक कड उरली, आणि तिथं कॉम्प्युटर हळूहळू बाही भरत गेला. मग खांदा. एक वेणी, टोकाला लाल फीत. मग गाल.

गालावर कपाळापासून जांभळट डाग पसरला होता.

"शी!" हेल्वी म्हणाली. "काय हे!"

तिचा हात सवयीनं पुढं गेला, पुसायचा कॉम्प्युटरवरचा गोल ब्रश त्या गालावर ठेवून दाबायलाच निघाला. तेव्हा तिला डोळे दिसले. डोळे बापाकडं नव्हते, लग्नाकडं नव्हते. थेट तिच्याकडं होते. तोंड जरासं उघडं होतं. पोरांना 'आता हसा बरं' म्हटल्यावर, हसू यायच्या आधी असतं तसं.

आत बाक करकरलं. कुणी बसलेलं उठलं की करकरतं तसं.

हेल्वीनं दार ढकलून पाहिलं. डबे होते. गार भट्टी होती. बर्फाच्या उजेडानं खिडकीची चौकट भिंतीवर पडली होती. ती परत येऊन बसली तेव्हा पडद्यावरच्या पोरीनं मान खाली घातली होती.

चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल, असं म्हणून तिनं त्याच चौकटी पुन्हा रचल्या. वेणी पुढं आली होती आणि केसांनी तोंड झाकलं होतं. तिनं पुन्हा रचल्या. या वेळी पाठ दिसली. खांदे आत ओढलेले, मान खांद्यांत. चारचौघांत कुणी झिडकारलेली पोर कशी उभी राहते, ते काय सांगायला हवं?

५

बुरशीला म्हणाले मी, हेल्वी स्वतःला सांगत राहिली. जुन्या फिल्मवर अशीच जांभळी बुरशी येते. रोज बघते मी. रोज शी म्हणते.

पण लेंपीनं डागाचं सांगितलेलं तिनं याच खुर्चीवरून ऐकलं होतं. जिभेला हाड नसतं, पण डोळ्यांना तरी ओळख असायला हवी होती. आणि खरं सांगायचं, तर तो शब्द बुरशीचा नव्हता हे तिला तोंडातून निघतानाच कळलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकटीच होती खोलीत, तरी तोंड कुठं लपवावं कळेना.

तिनं सगळी रिळं पुन्हा पाहिली. तळ्यावर पाठ. ख्रिसमसला पाठ. जिथं बोटांची टोकं होती तिथं ती बाहीत ओढून घेतलेली.

आता म्हातारीला सांगायचं काय? तुमची बहीण होती मावशी, तोंड दाखवायला आली होती, मी शी म्हटलं आणि तिनं पाठ फिरवली?

रात्रीच्या जेवणाला रॉयनं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. ती बरी आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं जे आयुष्यभर केलं होतं तेच केलं. भोकांकडची पट्टी कातरली. उरलेला धागा पुसला. चित्राचे हिसके काढून ते खिळ्यानं ठोकल्यासारखं स्थिर केलं. रंग असे उजळले की तळ्याचं पाणी ओलं वाटावं. एवढं सुंदर काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

६

लेंपीनं ताजी कॉफी केली होती, टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या, आणि अंगात चर्चला जायचा निळा झगा होता.

म्हातारी टीव्हीकडं तोंड करून बसलीच नाही. तिनं खुर्ची खिडकीकडं वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागली. तिला मधलं काही दिसत नव्हतं. कड तेवढी दिसत होती.

"हे काय, आई! कसली तरतरीत दिसतेय. आणि हा माझा पोहायचा झगा, मेला किती टोचायचा!" ती हसली. रिळांमागून रिळं गेली. "सापडली का गं?"

"नाही, मावशी. सगळं बघितलं."

"कुठंच नाही? बोटसुद्धा?"

"नाही."

लेंपीनं मान आणखी वळवली. चित्राची डावी कड तिच्या त्या उरल्यासुरल्या नजरेत आली असणार.

"चित्र हलत का नाही?"

"मी स्थिर केलं ते. आधी फार हिसके बसायचे."

"अगं, बसणारच." लेंपीचा आवाज अगदी मऊ होता, तोच जास्त लागला. "ती ओढायची ना कोट. सांगितलं होतं मी तुला. आम्ही घरी बघायचो तेव्हा चित्र हललं की आई म्हणायची, ती बघा आपली सायमा. तेवढीच होती ती सगळ्यात. तेवढी तरी ठेवायचीस, पोरी."

हेल्वीची मान वर होईना. "परत करून देते, मावशी. हललेलं तसंच ठेवते. पुढच्या वेळी."

"हो," लेंपी खिडकीकडं बघत म्हणाली. "बाबाही असंच म्हणायचे."

७

हेल्वी तशीच सौनाकडं गेली. कोटही काढला नाही. पहिलं रीळ यंत्रावर चढवलं, काही पुसलं नाही, काही कातरलं नाही, जसं आहे तसं पडद्यावर आणलं.

पट्टी रिकामी होती. गवत होतं, आभाळ होतं, पण बाही नव्हती. आणि चित्र हलत नव्हतं. खाणीत दिवसभर घण मारून आलेल्या माणसाच्या हातातलं ते चित्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखं स्थिर होतं. दुसरं रीळ तसंच. लग्नाचंही तसंच.

हे हेल्वीनं कॉम्प्युटरवर केलेलं नव्हतं. हे फिल्मवरच होतं. कोट ओढणारं आता तिथं कुणी नव्हतं.

ती उठून उभी राहिली, आणि तिच्या स्वेटरचं टोक, कोटाखालून डोकावणारं, डाव्या बाजूला, खाली ओढलं गेलं. हलकेच. खिळ्याला अडकावं तसं नाही. धरून.

हेल्वीनं तोंडावर हात दाबला. मागं वळायची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. वळलं, तो गाल दिसला आणि पुन्हा तोच शब्द निघाला तर? ती भिंतीकडं बघत राहिली. मग तोंडावरच्या हाताआडून, कुणी शिकवलं नसताना, तिच्या तोंडून निघालं, "मागंच राहा. मागंच उभी राहा हं."

निघाल्यावर तिला कळलं, हे शब्द कुणाचे ते.

८

हिवाळाभर तो स्वेटर एका बाजूनं लांबत गेला. "कुत्रं पाळलंस काय?" रॉय म्हणायचा. दुकानातल्या बायकांना हेल्वी सांगायची, लोकर हलकी निघाली. ती ते टोक उसवून पुन्हा विणायची, ते पुन्हा लोंबायचं. आरशासमोरून जाताना ती डोळे मिटून घ्यायची. नवी रिळं घेणं तिनं बंद केलं.

बर्फ वितळायच्या सुमारास लेंपीच्या डोळ्यांची कडही गेली. हेल्वी रोज दुपारी तिच्याकडं जायची, कॉफी करायची, पाव कापायची, खिडकीतून जे दिसेल ते सांगायची. लोक म्हणायचे, पोटची मुलगी करणार नाही असं करते. ते ऐकून तिला आणखीच खाली बघावंसं वाटे.

एका दुपारी कप देताना डावीकडून हिसका बसला आणि कॉफी बशीत, बशीतून टेबलावर गेली.

"काय झालं?"

"काही नाही, मावशी. हात हलला."

लेंपी ऐकत राहिली. थेंब टेबलाच्या कडेवरून खाली पडत होते. आंधळ्या माणसाला ऐकायला वेळ असतो.

"रोज हलतो," ती म्हणाली. "रोज एकाच बाजूला."

हेल्वीनं फडकं घेतलं, पण पुसायचं तिला सुचेना. म्हातारीनं खुर्चीतून हात खाली सोडला. जमिनीपासून एवढ्यावर, जिथं लहान पोरीचा हात येईल तिथं, तळवा उघडून धरला.

"ये गं सायमा," ती म्हणाली. "तिला नको ओढूस. ती काही बघायची नाही. मला आता डोळेच नाहीत बाई, माझ्यासमोर कसली लाज? ये."

स्वेटरचं टोक ताणलं गेलं. ही ओढ वेगळी होती, लेंपीच्या दिशेची. मग थांबली. पोरं परक्या घरात थांबतात तशी, मोठ्यांनी जा म्हणायची वाट बघत. हेल्वीनं मान वळवून फक्त जा म्हणायचं होतं. एवढंच होतं. तिनं तोंड उघडलं, आणि आत कोणता शब्द बसलाय याची खात्री नसल्यानं मिटलं.

"आली का?" लेंपीनं विचारलं. तिनं तळवा आणखी पुढं केला. "हेल्वी, आली का गं ती?"

तो रिकामा तळवा हेल्वीला बघवेना. तिनं आपलीच बाही पुढं ओढली, बोटांची चार टोकं तेवढी बाहेर ठेवली, आणि ती त्या तळव्यात ठेवली.

लेंपीची मूठ मिटली. तोंडभर हसू आलं. "आलीस," ती म्हणाली. "बोटं किती मोठी झाली गं तुझी."

स्वेटरचं टोक सुटलं. पहिल्यांदाच सुटलं ते त्या दिवसापासून. आणि हेल्वीच्या पाठीमागं, फरशीवर, बारक्या पावलांचा आवाज झाला. कुणीतरी मागं सरलं, भिंतीपर्यंत, कुणाच्या मध्ये येऊ नये म्हणून.